एका खोऱ्याचा हिशेब

दार ढकला आणि आत या. तंबाखूचा धूर, सांडलेल्या बिअरचा आंबूस वास, गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडात चमकणारी लांबलचक लाकडी फळी. साल १८७९. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, ग्रेट मायामी नदीच्या काठचं डेटन शहर. गुत्त्याच्या मालकाचं नाव जेम्स रिटी. शुद्ध व्हिस्की, उंची वाइन आणि सिगार यांचा व्यापारी, अशी तो आपली जाहिरात करतो. गर्दी तर तुम्ही पाहताच आहात, टेकायला जागा नाही. तरीही रिटीच्या वहीत नफा दिसत नाही.

का दिसत नाही, ते तुमच्या डोळ्यांदेखत घडतं. शेजारचं गिऱ्हाईक फळीवर पाच सेंटचं नाणं ठेवतं. दारू ओतणारा नोकर ते उचलतो, खणाच्या दिशेने हात नेतो आणि हात मध्येच खिशाकडे वळतो. गिऱ्हाइकाला त्याचं काही नाही, त्याला बिअर मिळाली. मालक दुसऱ्या टोकाला कुणाशी तरी बोलतो आहे. आज रात्री अशी किती नाणी वळली, ते कुणालाच कळणार नाही.

या काळजीने रिटीची तब्येत ढासळली आणि तो गेल्या वर्षी हवापालटासाठी बोटीने युरोपला निघाला. त्या बोटीच्या इंजिनघरात त्याने एक साधन पाहिलं. बोटीच्या पंख्याचा दांडा किती वेळा फिरला, ते आपोआप मोजणारं. दांडा फिरला की आकडा पुढे सरकायचा. मध्ये माणूसच नाही, म्हणून विसरणं नाही आणि लबाडीही नाही. परत आल्यावर रिटी आपल्या भावाला, जॉनला घेऊन कामाला लागला, आणि ४ नोव्हेंबर १८७९ रोजी दोघांना पेटंट मिळालं.

फळीच्या टोकाशी जा, यंत्र तिथेच आहे. वर घड्याळासारखी तबकडी आणि दोन काटे. एक सेंट दाखवतो, दुसरा डॉलर. खाली बटणांच्या ओळी. पैसे ठेवायला खण नाही, वाजायला घंटा नाही. ती दोन्ही नंतर येतील. नोकराने बटण दाबलं की काटे सरकतात आणि आतल्या चकत्या दिवसभराची बेरीज करत राहतात. रिटीने याचं नाव ठेवलंय ‘लाच न खाणारा रोखपाल’.

आता तबकडीचं तोंड कुणीकडे आहे ते बघा. ती तुमच्याकडे वळलेली आहे. तुम्ही दहा सेंट दिले आणि काटा पाचावर थांबला, तर तुम्ही बोलणार. नोकरावर नजर ठेवायला रिटीने मुकादम नेमला नाही, त्याने तुम्हाला नेमलं आणि तेही बिनपगारी. दुकानात बसवलेल्या पहाऱ्याच्या यंत्रांचा इतिहास मला इथून वाचायला आवडतो, कारण या पहिल्या पायरीवर गिऱ्हाईक पहारेकरी आहे. पुढच्या शंभर वर्षांत ही तबकडी हळूहळू फिरेल. आज आपल्याकडे वडापावच्या गाडीवरचा छोटा स्पीकर ‘पैसे मिळाले’ म्हणून मराठीत ओरडतो तेव्हा त्या आवाजाची दिशा उलटी असते. तो विक्रेत्याला सांगत असतो की समोरच्याने खरंच पैसे दिले.

रिटीला यंत्र सुचलं, धंदा मात्र जमला नाही. त्याने हक्क विकून टाकले आणि तो पुन्हा गुत्त्याकडे वळला. १८८४ मध्ये ही लहानशी कंपनी जॉन पॅटरसन नावाच्या माणसाच्या हाती आली. त्याचा कोळशाचा व्यवसाय होता आणि खाणकामगारांसाठीच्या दुकानात त्यालाही रिटीसारखीच गळती लागली होती. गल्लायंत्र बसवल्यावर ती थांबली, म्हणून त्याने अख्खा कारखानाच घेतला. त्याचं नाव पडलं ‘नॅशनल कॅश रजिस्टर’. पॅटरसनने विक्रेत्यांना शाळेत बसवून विकायला शिकवलं, आणि डेटनचं गल्लायंत्र जगभर गेलं. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या एका विक्रेत्याचं नाव लक्षात ठेवा, थॉमस वॉटसन.

१९१३ मध्ये क्षणभर थांबू. फेब्रुवारीत पॅटरसन, वॉटसन आणि त्यांचे अनेक सहकारी प्रतिस्पर्ध्यांना बेकायदा चिरडल्याबद्दल न्यायालयात दोषी ठरले. मार्चमध्ये पाऊस थांबेना. २५ मार्चला बांध फुटले आणि तुम्ही ज्या रस्त्यावर उभे होता तिथे घरांचे पहिले मजले बुडाले. पॅटरसनचा कारखाना उंचावर होता. त्याने गल्लायंत्रांचं काम थांबवून सुतारांना सपाट तळाच्या होड्या बांधायला लावलं, हजारोंना आसरा दिला. महिन्यापूर्वीचा गुन्हेगार शहराचा तारणहार झाला, आणि अपिलात १९१५ मध्ये तो निकालही उलटला. वॉटसनला मात्र पॅटरसनने काढून टाकलं. तो ज्या कंपनीत गेला तिला १९२४ मध्ये त्याने नवं नाव दिलं, आयबीएम.

पुरानंतर या खोऱ्याने नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर पाच कोरडी धरणं बांधली, एरवी पाणी न साठवणारी, फक्त पुराच्या वेळी वेग रोखणारी. पण डेटनचं खरं पाणी नदीत दिसत नाही. ते पायाखाली आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी इथल्या जुन्या दऱ्या वाळू आणि गोट्यांनी भरून टाकल्या, आणि त्या भरावात अफाट भूजल साठलेलं आहे. शहर ते विहिरींतून उपसतं.

म्हणून आता १९५० च्या दशकाच्या अखेरीला या, डेटनच्या जलशुद्धीकरण केंद्रात. इथे गंमत वाटावी असं काही नाही. गोल हौद, संथ फिरणारे दांडे, ओल्या चुन्याचा वास. पण मला या प्रवासात सगळ्यात जास्त वेळ इथे उभं राहावंसं वाटतं.

हा सगळा प्रदेश चुनखडीचा. भूजल त्यातून झिरपत येतं, वाटेत चुनखडी विरघळवतं आणि जड होतं. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, ही घरातली अडचण. कारखान्यातली अडचण महागडी आहे. हे पाणी बॉयलरमध्ये तापलं की विरघळलेले क्षार नळ्यांच्या आतून थर धरतात. उष्णता थरातून नीट जात नाही, कोळसा जास्त जळतो, नळीचा धातू गरजेपेक्षा जास्त तापतो आणि एके दिवशी नळी फाटते. वाफेच्या युगातल्या प्रत्येक गिरणीला, प्रत्येक इंजिनाला हा शत्रू माहीत होता.

यावरचा उपाय ऐकून तुम्ही चक्रावाल. पाण्यात चुना जास्त झालाय, तर त्यात आणखी चुना टाकायचा. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये याचं पेटंट घेतलं. शाळेतली चुन्याची निवळी आठवा. तिच्यात नळीने फुंकर घातली की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळतो आणि निवळी दुधासारखी होते. तो दुधाळपणा म्हणजे न विरघळणारी चुनखडी. जड पाण्यात चुनखडी विरघळून राहू शकते ती कार्बन डायऑक्साइडच्या आधाराने. तुम्ही चुना टाकला की तो हा आधारच काढून घेतो. मग पाण्यातली चुनखडी आणि तुम्ही टाकलेला चुना, दोन्ही चुनखडी होऊन तळाशी बसतात. वर राहतं ते मऊ पाणी.

हौदाच्या काठावरून वाकून पाहा. तळाशी तो पांढरा गाळ साचतो आहे. शहर रोज कोट्यवधी लिटर पाणी वापरणार, तर हा गाळ रोज डोंगरासारखा वाढणार. बहुतेक ठिकाणी तो खड्ड्यात किंवा नदीत सोडून द्यायचे. डेटनने वेगळं केलं. इथे गाळ लांबट फिरत्या भट्टीत जातो. सुमारे १,००० अंशांना चुनखडी फुटते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तोच पुन्हा हौदात. गाळात मॅग्नेशियमची भेसळ असते आणि ती राहू दिली तर चुना दर फेरीला बिघडत जाईल. म्हणून भट्टीतून निघालेला कार्बन डायऑक्साइडच गाळात सोडतात. त्याने मॅग्नेशियम विरघळतं आणि पाण्याबरोबर वेगळं निघतं. भट्टीचा धूरसुद्धा कामावर लावलेला आहे.

यातला हिशेब विलक्षण आहे. तुम्ही टाकलेला चुना आणि पाण्यातून निघालेली चुनखडी एकत्र बसत असल्याने गाळात चुना टाकला त्याहून बराच जास्त असतो. म्हणजे हे केंद्र आपल्या गरजेपेक्षा अधिक चुना तयार करू शकतं. उरलेल्या वस्तूची जबाबदारी ज्याने ती निर्माण केली त्यानेच घेतली, तर ओझं कच्चा माल होऊ शकतं, हे इथे कुणी भाषणात सांगत नाही. भट्टी फिरत असते. माझ्या लेखी शोध पूर्ण होतो तो इथे. वस्तू चालली म्हणून नव्हे, तिचं उरलेलं कुठे जातं याचं उत्तर मिळालं म्हणून.

आता त्याच शहरातल्या एका माणसाबरोबर सहलीला चला. साल १९५९. झाडाखाली सतरंजी, टोपलीत खाणं, बर्फात गार केलेले बिअरचे डबे. हे डबे १९३५ पासून बाजारात आहेत आणि अजून प्रत्येक डब्याला वेगळी चावी लागते, टोकदार चोचीची. तिने झाकणाला दोन भोकं पाडायची, एक पिण्यासाठी, एक हवा आत जाण्यासाठी. चावी घरी राहिली आहे. सगळे एकमेकांकडे बघतात. मग अर्मल फ्रेझ उठतो, डबा गाडीच्या बंपरच्या कडेवर आपटतो आणि फेसाचा फवारा उडतो. अर्धी बिअर गवतात. बाकीचे हसतात. फ्रेझ तुम्हाला विचारात पडलेला दिसतो.

हा माणूस शेतकऱ्याच्या घरातला आणि पेशाने डाय-टूल बनवणारा. डेटनमध्ये त्याची स्वतःची टूलरूम आहे, १९४९ पासूनची. भोसरीच्या किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी पंच, डाय आणि प्रेस यांच्यामध्ये दिवस घालवले आहेत, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. पत्रा कुठे ताणेल, कुठे फाटेल, हे अशा माणसांच्या बोटांना कळतं. पुढे एका रात्री त्याला झोप येईना, म्हणून तो तळघरातल्या कामाच्या खोलीत उतरला. तुम्हीही जिना उतरा.

झाकणालाच चावी जोडायची, ही कल्पना नवी नव्हती. अडत होतं दुसरीकडे. चावी जोडायची तर रिव्हेट हवा, रिव्हेट लावायचा तर झाकणाला भोक हवं, आणि भोक पाडलं तर वायू निसटणार. नेहमीच्या तापमानाला पेयाच्या डब्यातला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या आसपास जातो. त्या दाबापुढे भोकाभोवतीची कुठलीही गळबंदी महिनोन्‌महिने टिकवणं, तेही कोट्यवधी डब्यांवर आणि पैशा-दोन पैशांत, अशक्यच.

फ्रेझने भोकच पाडलं नाही. त्याने ॲल्युमिनियमच्या झाकणाचा मध्य टप्प्याटप्प्याने वर दाबत नेला, एक लहानसा घुमट उभा केला. त्या घुमटावर पट्टीचं छिद्र बसवलं आणि घुमटाचं डोकं वरून चेपलं. रिव्हेट तयार. झाकण कुठेही तुटलं नाही, कारण रिव्हेट झाकणाचाच आहे. आज तुमच्या हातात येणाऱ्या प्रत्येक डब्यावर पट्टीच्या मध्यभागी तो गोल ठिपका असतो. बोटाने चाचपून पाहा. सगळी विद्या त्या ठिपक्यात आहे.

दुसरं काम कापाचं. झाकणावर तोंडाच्या आकाराची एक खाच कोरायची, पण आरपार नाही. खाचेच्या तळाशी उरलेला पत्रा इतका पातळ हवा की बोटाच्या जोराने फाटावा, आणि इतका जाड हवा की उन्हात तापलेल्या ट्रकमध्येही फुटू नये. पत्रा कापण्या-वाकवण्याचं काम त्याने केलेलं होतं. तो अनुभव इथे कामी आला. डाय किंचित झिजली तरी हा तोल जाणार, म्हणून खरी किंमत डबा उघडण्याच्या युक्तीपेक्षा ती युक्ती लाखो वेळा हुबेहूब घडवणाऱ्या डायची होती. फ्रेझने आपला शोध अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीला विकला. १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या आयर्न सिटी बिअरचे डबे या झाकणाने बाजारात आले आणि काही वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक बिअर उत्पादकांनी तेच स्वीकारलं. चोचीची चावी खिशांतून गेली.

चावी गेली, पण पट्टी हातात उरली.

१९७० च्या सुमाराच्या कुठल्याही अमेरिकन समुद्रकिनाऱ्यावर चप्पल काढून चाला, आणि जपून. वाळूत जागोजाग धारदार कडांच्या, जिभेसारख्या वाकलेल्या पट्ट्या रुतलेल्या आहेत. डबा उघडला, पट्टी ओढून काढली, टाकली. पाय कापतात, मुलं त्या तोंडात घालतात. काही लोक नीटनेटकेपणाने पट्टी डब्यातच टाकतात आणि घोटाबरोबर गिळून बसतात. डबा विकताना एकेका सेंटची नोंद करणारं यंत्र याच डेटनमध्ये तयार झालेलं होतं. पट्टीची नोंद कुणाच्याच यंत्रात नव्हती. ती विकणाऱ्याची उरली नाही, घेणाऱ्याचीही नाही, वाळूची झाली. मला हे क्षुल्लक वाटत नाही. आपल्या आजच्या पाण्याच्या बाटल्यांपर्यंत येणाऱ्या सगळ्या कचऱ्याचं मूळ याच रिकाम्या रकान्यात आहे.

ऑरेगन राज्याने १९७१ मध्ये कायदा केला. बाटली-डब्यावर अनामत रक्कम ठेवली आणि सुटी होणारी पट्टी बंद केली. इतर राज्यंही विचार करू लागली. सक्ती समोर दिसू लागल्यावर उत्तर यायला वेळ लागला नाही. १९७५ मध्ये रेनॉल्ड्स मेटल्स कंपनीच्या डॅनियल कुडझिकची रचना केंटकीतल्या फॉल्स सिटी बिअरच्या डब्यांवर आली. पट्टी उचलली की तिचं नाक झाकणाचा तुकडा आत दाबतं. तुकडा एका बाजूने न कापलेला असतो, म्हणून बिजागरीसारखा आत वळून तिथेच लटकतो. पट्टी रिव्हेटवरच राहते. रिव्हेट फ्रेझचाच. फरक एवढाच की आता डब्यापासून काहीही सुटं होत नाही.

ही रचना पाहताना मला आपल्या नाक्यावरचा गोटी सोडा आठवल्याशिवाय राहत नाही. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ती बाटली केली. गळ्यात काचेची गोटी, वर रबराची कडी. बाटली उलटी धरून भरायची, मग सोड्यातल्या वायूचाच दाब गोटीला कडीवर घट्ट बसवतो. उघडताना गोटी आत ढकलायची, ती गळ्याच्या खोबणीत अडते. झाकण बाटलीबाहेर कधी येतच नाही आणि रिकामी बाटली सोडावाल्याकडे परत जाते. कुडझिकच्या शंभर वर्षं आधी बाटलीचं झाकण बाटलीनेच सांभाळलं होतं. जगाने ती बाटली सोडून दिली, कारण ती जड आणि धुवायला त्रासाची होती. जपान आणि आपण ती टिकवली.

कुडझिकच्या एक वर्ष मागे या, आणि परत याच खोऱ्यात. डेटनच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर ट्रॉय नावाचं छोटं गाव आहे. २६ जून १९७४, सकाळी आठ. मार्श सुपरमार्केटच्या एका काउंटरवर एरवीपेक्षा जास्त माणसं जमली आहेत, आणि त्यातली बरीच कोट-टाय घातलेली. रात्री जागून त्यांनी शेकडो वस्तूंवर काळ्या-पांढऱ्या रेघांचे चौकोन चिकटवले आहेत. गल्ल्यावर शॅरन ब्यूकॅनन. पहिलं गिऱ्हाईक क्लाइड डॉसन, तो मार्शच्याच संशोधन विभागाचा प्रमुख. भरलेल्या गाडीतून तो च्युइंगमचं एक पाकीट उचलतो. रिग्लीज ज्युसी फ्रूट, दहा पुड्यांचं. शॅरन ते काचेवरून सरकवते. खालून लेझरचा लाल किरण रेघांवरून फिरतो आणि गल्ल्यावर ६७ सेंट उमटतात.

च्युइंगमच का? कारण एवढ्याशा पाकिटावर रेघा मावतील का, याचीच अनेकांना शंका होती. लहानात लहान वस्तू वाचता आली, म्हणजे सगळं वाचता येईल.

या रेघांची कुंडली ऐका. १९४९ च्या हिवाळ्यात जो वुडलँड फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बसला होता. तारायंत्राची ठिपका-रेघ लिपी त्याला येत होती. वाळूत त्याने बोटांनी ठिपके आणि रेघा काढल्या आणि त्या खाली ओढत नेल्या. ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्या आणि रेघांच्या जाड. त्याने आणि बर्नार्ड सिल्व्हरने घेतलेलं पेटंट ७ ऑक्टोबर १९५२ चं. वाचणारा स्वस्त लेझर आणि संगणक तेव्हा नव्हते, म्हणून पेटंटची मुदत संपली, सिल्व्हर १९६३ मध्ये वारला, आणि रेघा वाट बघत राहिल्या. १९७३ मध्ये किराणा उद्योगाने स्वीकारलेली रचना आयबीएमच्या जॉर्ज लॉररची. म्हणजे पॅटरसनने डेटनमधून हाकललेल्या वॉटसनच्या कंपनीची. आणि ट्रॉयच्या काउंटरवरचं यंत्र कुणाचं? नॅशनल कॅश रजिस्टरचं. साठ वर्षांपूर्वी तुटलेली दोन टोकं ६७ सेंटच्या च्युइंगमवर जुळली.

पण रिटीची तबकडी आठवून या यंत्राकडे पाहा. शॅरन मिनिटाला किती वस्तू सरकवते, ते आता यंत्राला कळतं. कुठला साबण कुठल्या वारी जास्त गेला, तेही कळतं. सगळ्यात मोठा बदल तुमच्या बाबतीत आहे. वस्तूवर किंमत छापायची गरज उरली नाही. फळीवर एक चिठ्ठी पुरे. गिऱ्हाइकांच्या संघटना लगेच खवळल्या, कारण गल्ल्यावर चुकीची किंमत लागली तर पकडायची कशी? मिशिगनने १९७६ मध्ये कायदाच केला की प्रत्येक वस्तूवर किंमत हवीच. त्या लोकांना तंत्राची भीती वाटत होती असं आज सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. १८७९ मध्ये त्यांच्या आजोबांना मिळालेली पहारेकऱ्याची जागा आपल्या हातातून जाते आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

त्याच ओहायोत, ॲक्रन शहरात, १९६० च्या दशकात किराणा दुकानाचा व्यवस्थापक रॉन असाफ वाइनच्या बाटल्या पळवणाऱ्या चोरामागे धावला आणि त्यातून दाराशी वाजणाऱ्या टॅगचा धंदा उभा राहिला, अशी हकीकत सांगतात. कपड्याला डकवलेला कडक तुकडा, दारात दोन खांब. आता गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडताना आपली निर्दोषता दारापाशी सिद्ध करतं. मग पुढे खरेदीवर गुण देणारी कार्डं आली, प्रत्येक रेघेला नाव जोडणारी. आपल्याकडच्या वस्तूंवरचा ८९० ने सुरू होणारा आकडा त्याच रेघांच्या कुळातला. डेटनच्या गुत्त्यात गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेली तबकडी शंभर वर्षांत पूर्ण फिरली.

पैसा मोजला गेला. माल मोजला गेला. माणूस मोजला जाऊ लागला. तुमच्या पायाखालचं पाणी मात्र या कुठल्याच गल्ल्यात नव्हतं.

२७ मे १९८७ ची रात्र. डेटनमध्ये रंगाच्या एका प्रचंड कोठारात आग लागली आहे. आत सुमारे ५७ लाख लिटर रंग आणि रंगाची रसायनं. छतातले फवारे सुरू झाले, पण पेटलेल्या द्रावकांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. ज्वाळा दुरून दिसतात. तुम्ही बंबांच्या रांगेजवळ उभे आहात, अंगावर धग येते आहे आणि होज तयार आहेत. अग्निशमन दलाला शिकवलेलं सगळं एकच सांगतं, पाणी मारा.

कोठार शहराच्या विहिरींच्या पट्ट्यात आहे. खाली वाळू आणि गोटे, वर माती. तुम्ही जेवढं पाणी माराल तेवढं रंग आणि द्रावकं घेऊन जमिनीत उतरेल, आणि एकदा त्या भरावात द्रावक शिरलं की हौदात चुना टाकून ते निघत नाही. चार-पाच लाख माणसं ते पाणी पितात. सातच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ रसायनांच्या गोदामाची आग विझवताना मारलेलं पाणी ऱ्हाइन नदीत गेलं. नदी लाल झाली आणि दूरवर मासे मेले. डेटनच्या अधिकाऱ्यांपुढे त्या रात्री तोच प्रश्न होता. इमारत वाचवायची की पाणी?

त्यांनी होज आवरले. आग इतरत्र पसरू नये एवढंच पाहायचं आणि कोठार जळू द्यायचं. ते अनेक दिवस जळत राहिलं. नुकसान कोट्यवधी डॉलर्सचं झालं. जळत्या मालाकडे पाहत हात बांधून उभं राहायला अग्निशमन जवानाला किती धैर्य लागलं असेल, याची कल्पना करा. कुठल्याही गल्लायंत्रात तो निर्णय तोट्याचा दिसला असता.

पुढच्या वर्षी शहराने नियम केले. यावेळी नकाशा काढला तो वेळेचा. जमिनीवर सांडलेला थेंब भूजलाबरोबर वाहत विहिरीपर्यंत पोचायला किती काळ लागेल, ते मोजून रेषा आखली, एका वर्षाच्या वाटचालीची. रेषेच्या आत कुणी किती घातक रसायन ठेवावं यावर मर्यादा आली आणि जे ठेवलं त्याची नोंद शहराकडे देणं बंधनकारक झालं.

म्हणून शेवटी १९८८ मध्ये, विहिरींच्या पट्ट्यातल्या एखाद्या टूलरूमच्या दारात उभे राहा. आत प्रेसचा ठोका चालू आहे. सुट्या भागांवरचं तेल काढायला मालकाने द्रावकाची पिंपं मागे लावून ठेवली आहेत, वर्षानुवर्षं ठेवत आला आहे. पालिकेचा माणूस फॉर्म घेऊन आला आहे आणि एकेक पिंप मोजतो आहे. मालक कुरकुरतो, की हे माझं सामान आहे, विकतही नाही, मग तुम्हाला हिशेब कशाला? तो माणूस नकाशा उलगडतो, मालकाच्या शेडवर पेन्सिल टेकवतो, तिथून विहिरीपर्यंतचं अंतर दाखवतो आणि पुढच्या पिंपावरचं लेबल वाचून लिटरचा आकडा लिहून घेतो.